शिकाऱ्याने दिलेलं हरीण गरजूच्या ताटापर्यंत कसं पोहोचतं?

वैदेही_पेन (धागाकर्ती)

मी पेन्सिल्व्हेनियात राहते. आमच्या गावातल्या चर्चच्या तळघरात फूड पॅन्ट्री चालते, तिथे शनिवारी मदतीला जाते. पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही अशी बरीच कुटुंबं तिथून शिधा नेतात. पास्ता, डबाबंद घेवडा, पीनट बटर यांना सहसा तोटा नसतो. तोटा असतो तो मांसाचा. ते महाग असतं, ठेवायला फ्रीझर लागतो आणि घरातलं उरलंसुरलं मांस कोणी आणून देऊ शकत नाही. डिसेंबरपासून पुढे काही महिने आमच्या फ्रीझरमध्ये जे मांस असतं, त्यातलं पुष्कळसं हरणाचं. शिकाऱ्यांनी दिलेलं.

आपल्याकडे हा विषय निघाला की गाडी लगेच "हरणं मारतातच कशी" यावर जाते. ती चर्चाही व्हावी. पण आधी ही व्यवस्था चालते कशी ते सांगते, कारण इथे वीस-वीस वर्षं काढलेल्या मराठी लोकांनाही तिची कल्पना नसते.

आमच्या राज्यात 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' ही योजना १९९१ पासून आहे. व्हर्जिनियातली 'हंटर्स फॉर द हंग्री' त्याच वर्षीची. मिसुरीत 'शेअर द हार्वेस्ट' १९९२ पासून चालू आहे आणि तिथे आजवर ४० लाख पौंडांहून जास्त मांस वाटलं गेलंय. मेरीलँडमध्ये रिक विल्सन यांनी १९९७ मध्ये 'फार्मर्स अँड हंटर्स फीडिंग द हंग्री' काढली. तिच्या जन्माची हकिगत अशी सांगतात: रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून एक बाई उभी दिसली, म्हणून विल्सन मदतीला थांबले. बाईला मदत हवी होती ती मेलेलं हरीण डिकीत चढवायला. हे बेकायदा आहे, असं त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, मी आणि माझी मुलं उपाशी आहोत, मला त्याची पर्वा नाही.

आता माझा मुद्दा. हरीण देणाऱ्याचं कौतुक होतं, फोटो छापून येतो. पण मारलेलं हरीण म्हणजे अन्न नव्हे. शिकाऱ्याने जागेवरच आतडी काढून, कानाला टॅग लावून ते लवकरात लवकर योजनेतल्या खाटकाकडे पोहोचवायचं. खाटीक आधी वास घेतो, पोट फाटून घाण मांसाला लागली आहे का बघतो. गोळी लागलेल्या भोवतीचं रक्ताळलेलं मांस मोठा घेर घेऊन कापून टाकतो. मग कातडं सोलणं, हाडं काढणं. हरणाची चरबी मेणासारखी असते, टाळूला चिकटते, म्हणून ती आणि स्नायूंवरचा पांढरा पापुद्रा खरवडून काढायचा. उरलेल्याचा खिमा करून नळीसारख्या पिशव्यांत भरायचा, दोन्ही टोकांना धातूची क्लिप मारायची, वर छापलेलं असतं 'नॉट फॉर सेल'. मध्यम हरणातून चाळीस-पन्नास पौंड खिमा निघतो. माणशी पाव पौंड धरला तर दीडशे-दोनशे पानं वाढली जातात.

या सगळ्या कामाची मजुरी हरणामागे शंभर डॉलरच्या आसपास जाते. शिकाऱ्याने हरीण फुकट दिलं, वर ही मजुरीही त्यानेच भरायची म्हटलं तर तो देणारच नाही. म्हणून योजना खाटकाला पैसे देते, आणि योजनेकडचे पैसे संपले की हरणं घेणं थांबतं. त्या वर्षी हरणं कमी झालेली नसतात, देणारेही कमी झालेले नसतात. अडतं ते मजुरीपाशी. आपल्यातले बहुतेक जण बंदूक हातात घेणार नाहीत, पण हा मधला दुवा आपल्याला नक्की उचलता येईल.

सातारकर

उत्तम धागा. एक भाबडा प्रश्न. एवढी हरणं आहेत तर ती बाजारात विकत का नाहीत? विकली तर खाटकाची मजुरी आपोआप सुटेल. इथल्या हॉटेलांत व्हेनिसन मिळतं की.

वैदेही_पेन

@सातारकर, प्रश्न भाबडा अजिबात नाही. हॉटेलातलं हरीण पाळलेलं असतं, बरंचसं न्यूझीलंडहून येतं. शिकार केलेल्या रानटी हरणाचं मांस विकायला जवळपास सगळीकडे बंदी आहे, आणि ती बंदी अनुभवातून आली आहे. एकोणिसाव्या शतकात व्यापारी शिकारी हरणं मारून शहरांत पाठवत. १९०० च्या सुमारास अख्ख्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आत उरली होती. त्याच वर्षी लेसी कायदा आला आणि बेकायदा मारलेले प्राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकणं गुन्हा ठरलं. राज्यांनी आपापल्या बंद्या घातल्या, परवाने आणि मोसम ठरवले. आज हरणं तीन कोटींच्या आसपास आहेत. विक्री उघडली तर पुन्हा तोच लोभ जागा होईल. विकता येत नाही म्हणूनच जास्तीचं हरीण देऊन टाकलं जातं.

निर्मोही

मी शाकाहारी आहे, जन्माने आणि विचारानेही. वैदेहीताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण जीव घेऊन केलेल्या दानाला दान म्हणायला मन धजत नाही. भुकेल्याला डाळ-तांदूळ देता येतात. राजमा देता येतो, तोही प्रथिनांचाच. हरणाचा जीव त्यात कशाला?

आयोवाकर

@निर्मोही, मीही शिकार करत नाही. पण शेतीच्या कामानिमित्त आयोवाच्या गावांमधून सतत फिरतो, तेव्हा जे बघतो ते सांगतो.

इथे कोल्हे-लांडग्यांचा, म्हणजे हरणाला खाणाऱ्यांचा, धाक जवळपास उरलेला नाही. मका आणि सोयाबीन मैलोन्‌मैल. हरणं त्यावर पोसतात आणि संख्या भराभर वाढते. देशभरात दरवर्षी दहा लाखांहून जास्त गाड्या जनावरांवर आदळतात, त्यात मोठा वाटा हरणांचा. जखमी हरीण ओढ्यात तासन्‌तास तडफडून मरतं, माणसंही मरतात. म्हणून राज्य माद्यांचे जादा परवाने काढतं. मादी कमी झाली तरच संख्या आवाक्यात राहते. हरणं मारली जाणार हे आधीच ठरलेलं असतं. एका कुटुंबाला एखाद-दुसरं हरीण वर्षभर पुरतं. त्यापुढच्या हरणाचं काय करायचं, तिथे ही योजना कामी येते.

आमच्याकडची योजना 'हश' नावाने ओळखली जाते, 'हेल्प अस स्टॉप हंगर' याचं ते लघुरूप. २००३ पासून आहे. पैशाची सोय मला फार आवडली: हरणाच्या परवान्यावरच एक डॉलर जादा आकारतात आणि तो खाटकाच्या मजुरीकडे जातो. म्हणजे जो हरीण देत नाही तोही थोडा हातभार लावतो. व्हर्जिनियात परवाना काढताना दोन डॉलर देण्याचा पर्याय असतो. मेरीलँडने हरीण देणाऱ्याला आयकरात सवलत ठेवली आहे.

इथे गावच्या खाटीकखान्याला लोक 'लॉकर' म्हणतात. पूर्वी घरोघरी फ्रीझर नव्हते, तेव्हा लोक तिथे कप्पा भाड्याने घेऊन आपलं मांस ठेवत, त्यावरून नाव पडलं. मोसमात शनिवारी संध्याकाळी लॉकरच्या मागच्या दाराशी पिकअप गाड्यांची रांग लागते. त्याच आठवड्यांत शेतकऱ्यांची गाई-डुकरंही कापायची असतात आणि त्यात लॉकरला नफा जास्त. तरी योजनेची हरणं घेतात. कामाला माणसं मिळत नाहीत, म्हातारे खाटीक धंदा बंद करतायत, ही इथली खरी चिंता आहे. वैदेहीताईंच्या मुद्द्याला जोड म्हणून सांगतो: पैसे असूनही जवळपास खाटीकच नसेल तर शिकारी साठ मैल गाडी हाकत जाणार नाही.

रानमेवा

+१. लॉकरची माहिती नवीन. वाचतोय.

डॉक_मिनेसोटा

चांगली चर्चा चालली आहे, पण दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या नाहीत तर ती अपुरी राहील.

पहिली, शिसं. रायफलची शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक कण उडतात, काही जखमेपासून वीतभर लांबही जातात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली येत नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटातल्या एका डॉक्टरांनी फूड पॅन्ट्रीत दिलेल्या खिम्याच्या पाकिटांचं सीटी स्कॅन केलं आणि अर्ध्याहून जास्त पाकिटांत धातूचे कण दिसले. राज्याने पॅन्ट्र्यांना ते मांस वाटू नका म्हणून सांगितलं. मग सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, तिथल्या सातशेहून जास्त लोकांचं रक्त तपासलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं जास्त निघालं. त्या वेळच्या १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या मर्यादेच्या वर कोणी नव्हतं, त्यामुळे अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण लहान मुलांसाठीची ती पातळी २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणली गेली. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही.

आमच्या राज्याने यावर मार्ग काढला. दान आलेल्या मांसाची पाकिटं एक्स-रे यंत्राखालून जातात, कण दिसला की पाकीट बाद. खिम्यात कण जास्त सापडतात, अख्ख्या तुकड्यांत फार कमी, कारण दळताना एका जागचे कण सगळीकडे पसरतात. तांब्याची गोळी वापरली तर प्रश्नच मिटतो. बाणाने मारलेल्या हरणातही तो नसतो.

दुसरी गोष्ट, सीडब्ल्यूडी, हरणांचा मेंदू पोखरणारा रोग. १९६७ मध्ये कोलोरॅडोत पाळलेल्या हरणांत तो प्रथम दिसला, आता तीसहून जास्त राज्यांत आहे. पेन्सिल्व्हेनियात २०१२ मध्ये सापडला. याला कारण असणारी विकृत प्रथिनं शिजवून मरत नाहीत. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरीण खाऊ नये असाच सीडीसीचा सल्ला आहे. विस्कॉन्सिनमध्ये बाधित भागातलं दानाचं हरीण तपासणीचा निकाल येईपर्यंत बाजूला ठेवतात. त्यासाठी खाटकाकडे जागा लागते, प्रत्येक हरणाचा वेगळा हिशेब लागतो. वैदेही, तुम्ही म्हणता त्या मजुरीत हा खर्चही धरायला हवा.

मीनल_ब

डॉक्टर, हे वाचून मला रागच आला. शिकारी स्वतःच्या हरणाची गोळी कुठे लागली ते जाणतो, आपल्या मुलांना कुठला तुकडा घालायचा ते ठरवू शकतो. पॅन्ट्रीतून पाकीट नेणाऱ्या आईला यातलं काहीच माहीत नसतं. तिच्याकडे निवड नाही म्हणून तिने तपासल्याशिवायचं खायचं का? गरिबाला दिलेल्या अन्नाची तपासणी विकत घेणाऱ्याच्या अन्नापेक्षा कमी असावी हे मला पटत नाही.

डॉक_मिनेसोटा

@मीनल_ब, पूर्ण सहमत. गरोदर बायका आणि सहा वर्षांखालच्या मुलांना शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचा खिमा देऊ नका, असं मी रुग्णांना सांगतो. पण योजना बंद करा असं म्हणणार नाही. नॉर्थ डकोटातल्या बातमीनंतर ज्यांच्या फ्रीझरमधून ते मांस गेलं, त्यांच्या ताटात त्याच्या जागी दुसरं मांस काही आलं नाही.

वैदेही_पेन

मीनल, तुझा राग योग्य आहे. हरणाचं मांस आम्ही कोणाच्या पिशवीत आपणहून टाकत नाही. वेगळ्या कप्प्यात ठेवतो, हे काय आहे ते सांगतो, हवं का ते विचारतो. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर दुसरं काही देतो. आमच्या भागातले बरेच लोक हरणावरच वाढलेले आहेत. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरअखेरचा सण) सोमवारी रायफलचा मोसम उघडायचा आणि शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो, तरी सोमवारची सुट्टी अनेक शाळांनी ठेवली आहे. एक आजोबा दर वेळी आधी हरणाचाच कप्पा बघतात. गुडघ्यांमुळे त्यांना आता रानात जाता येत नाही, आणि जे लहानपणापासून खाल्लं ते त्यांना हवं असतं.

तांब्याच्या गोळीचं आमच्या खाटकापर्यंत पोहोचवते. हरीण घेतानाच्या फॉर्मवर "गोळी कशाची" हा एक प्रश्न वाढवता येईल. डॉक्टर, तुमच्याकडच्या एक्स-रे यंत्राबद्दल अजून माहिती व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

स्वयंपाकवेडी

थोडं चुलीकडचं बोलू? शेजारी दर वर्षी हरणाचा खिमा देतात. त्यात चरबी नावालाच असते, त्यामुळे बकऱ्याच्या खिम्यासारखा परतत बसलात तर रबरासारखा होतो. कांदा भरपूर तेलात आधी पुरता लाल करून घ्यायचा, खिमा नंतर, पाणी किंवा टोमॅटो लगेच. रात्री दह्यात आलं-लसूण लावून ठेवला तर रानवट वास बराच उतरतो. काळा मसाला त्याला छान लागतो. पॅन्ट्रीत नेणाऱ्यांना बरेचदा एवढंच सांगावं लागतं: तेल जास्त घाला, पण पूर्ण शिजवा, आत गुलाबी ठेवू नका.

वैदेही_पेन

हे चिठ्ठीवर लिहून पाकिटाबरोबर देते, काळा मसाला वगळून, त्याच्या जागी 'चिली' या इथल्या रश्श्याचा मसाला.

शिवारातला

यवतमाळकडून लिहितो. तुमचं वाचून जीव जळतो हो. आमच्याकडे रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रात्रीतून हरभरा साफ करून जातात. मचाणावर जागून जागून माणसं आजारी पडली. परवाना घेऊन मारायची तरतूद आहे म्हणतात, पण मारलेलं जनावर पुरायचं. तिकडे तेच मांस गरिबाला जातं. आपल्याकडे का होऊ नये?

जुना_वनरक्षक

@शिवारातला, दादा, तुमचं नुकसान खरं आहे आणि भरपाई वेळेवर मिळत नाही हेही खरं. पण कायद्याचं सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे परवान्याने मारलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता होतो. मांस वाटायची मुभा नाही.

आणि मुभा द्यावी असं मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही वाटत नाही. अमेरिकेत प्रत्येक हरणाला टॅग आहे, मोसम आहे, मारलेल्याची नोंद आहे, ठरलेले खाटीक आहेत. आपल्याकडे हे काहीच उभं नाही. उद्या "दानाचं मांस" असं नाव मिळालं की फासात अडकवलेलं चितळही त्याच नावाखाली शिजेल, कोण तपासणार? फासे आणि विजेच्या तारा वाघालाही सोडत नाहीत. तुम्हाला हवी आहे ती वेळेवर भरपाई आणि शिवाराला कुंपण. त्यासाठी भांडा, मी तुमच्याबरोबर येतो.

माझे आजोबा सांगायचे, जुन्या काळी गावाची पारध झाली की हाका घालणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळे, आणि जिच्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घरीही एक वाटा जाई. देण्याची वृत्ती आपल्याकडे होतीच. पण ते रान वेगळं होतं, माणसंही थोडी होती.

होनोलुलूकर

चितळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपलं ताडोबातलं चितळ इथे हवाईत उपद्रवी प्राणी ठरलं आहे. १८६० च्या दशकात हाँगकाँगहून राजा पाचवा कामेहामेहा याला चितळं भेट आली, ती मोलोकाई बेटावर सोडली. माउईवर १९५९ मध्ये नेली. इथे वाघ नाही, बिबट्या नाही, रानकुत्री नाहीत. जंगलाचा तळ खाऊन फस्त होतो, माती वाहून समुद्रात जाते आणि प्रवाळ गुदमरतं.

इथे एक वेगळी गोष्ट झाली. चितळ मूळचं नाही म्हणून सरकारी निरीक्षकाच्या देखरेखीखाली रात्री रानातच मारून ते मांस रीतसर विकलंही जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये माउईवरच्या लाहैनाला आग लागून गाव जळालं, तेव्हा चितळाचं मांस तिथल्या लोकांना वाटलं गेलं. म्हणजे सातारकरांच्या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे एकच नाही. जिथे प्राणी मूळचा आहे तिथे विक्री घातक, जिथे बाहेरून आणलेला आहे तिथे ती उपयोगीही पडू शकते.

सातारकर

वा, हा फरक लक्षात आला नव्हता. धन्यवाद.

कोटझेब्यूची_आठवण

थोडी भर. अलास्कात काही वर्षं नर्स होते. गाडीखाली आलेला मूस (हरणाच्या कुळातला मोठा प्राणी) तिथे वाया जात नाही, पोलीस यादीतल्या संस्थांना फोन करतात आणि स्वयंसेवक भर हिमात रात्री-अपरात्री जाऊन तो उचलतात. मूळनिवासी आजी-आजोबांना वृद्धाश्रमात कॅरिबू (उत्तरेकडचं रानटी हरीण) मिळत नसे, कारण तपासणीचा शिक्का नसलेलं मांस सरकारी स्वयंपाकघरात चालत नव्हतं. २०१४ च्या शेती कायद्याने मूळनिवाशांच्या शाळा-दवाखान्यांत दान दिलेलं पारंपरिक अन्न वाढायची वाट मोकळी केली. जेवायलाच नको म्हणणारी माणसं कॅरिबूचा रस्सा समोर आल्यावर भांडं पुसून खाताना पाहिली आहेत. निर्मोहींना एवढंच म्हणेन, त्यांच्यासाठी राजमा हा पर्याय नव्हता.

निर्मोही

हे वाचलं. मी हरणासाठी पैसे देणार नाही, ते माझ्याकडून होणार नाही. पण ज्याचं त्याचं अन्न ही गोष्ट मान्य. वैदेहीताई, तुमच्या पॅन्ट्रीला डाळ आणि राजमा पाठवायचा असेल तर कुठे पाठवू?

जर्सीकर

न्यूजर्सीत असं काही आहे का? आमच्या अंगणातली हरणं तर दारापर्यंत येतात. आमचं मंडळ दिवाळीला फूड बँकेसाठी पैसे गोळा करतं. त्यातले थोडे खाटकाच्या मजुरीला द्यावेत असं सुचवणार आहे, पण कार्यकारिणीत वाद होणार हे नक्की.

वैदेही_पेन

@निर्मोही, मनापासून आभार, पत्ता व्यनि केला आहे. राजमा इथे लोक आवडीने नेतात. तुरीची डाळ पाठवलीत तर ती शिजवायची कृतीही जोडा.

@जर्सीकर, आहे. 'हंटर्स हेल्पिंग द हंग्री' १९९७ पासून तुमच्याच राज्यात काम करते, आणि मांस तिथल्या फूड बँकांनाच जातं. मंडळात वाद टाळायचा असेल तर दोन वेगळ्या पेट्या ठेवा, एक धान्याची, एक मजुरीची. ज्याला ज्यात टाकायचे त्यात टाकू देत. चेक देताना मजकुराच्या जागी पैसे फक्त प्रक्रियेच्या खर्चासाठी आहेत असं लिहा आणि पावती मागा. शिसं आणि सीडब्ल्यूडीची तपासणी कोण करतं हेही त्यांना आधीच विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर पैसे त्या तपासणीसाठीच द्या. आणि हे जानेवारीत करू नका. खाटकाला मोसमाआधी पैशाची खात्री हवी असते, त्यावरून तो किती हरणं घ्यायची ते ठरवतो.